एकाच जमिनीची पाच नावं: सातबारा, गाव नकाशा आणि उपग्रह यांचा मेळ का बसत नाही?

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या कडेला चाळीस एकरांचा मुरमाड माळ आहे. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत वाढतं. दिवाळीनंतर तिथं मेंढरं चरतात आणि एप्रिल-मे महिन्यात नुसते दगड दिसतात. गावातले लोक त्याला 'माळ' म्हणतात.

तलाठ्याच्या दप्तरात हाच माळ 'गायरान' म्हणून आहे. (तलाठ्यांचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) शेतीच्या आकडेवारीत तो 'मशागतयोग्य पडीक' या खात्यात पडू शकतो. उपग्रहाच्या छायाचित्रावरून केलेल्या नकाशात तो 'झुडपी जमीन' असतो आणि ही झुडपी जमीन मोजली जाते पडीक जमिनींमध्ये. प्रादेशिक योजनेच्या नकाशात त्याच जागेवर 'शेती विभागा'चा रंग भरलेला असतो. मृदा सर्वेक्षण करणारे म्हणतील, ही नांगरायची जमीन नाही, गवतालाच योग्य आहे.

यातली एकही नोंद खोटी नाही. तरीही उद्या तिथं सौर प्रकल्प, गोदाम किंवा घरकुल योजना आणायची ठरली, तर यातली कोणती नोंद टेबलावर येते त्यावर त्या माळाचं आणि त्यावर पोट असलेल्यांचं पुढे काय होणार हे ठरतं. 'पडीक आहे, वापरात आणू' असं म्हणणं सोपं असतं. 'गायरान आहे, गावाचा हक्क आहे' असं म्हटलं की प्रक्रियाच बदलते.

जमिनीच्या वर्गीकरणाचं आणि नकाशांचं प्रमाणीकरण हा विषय ऐकायला सरकारी आणि कोरडा वाटतो. पण ग्रामीण भागातले निम्मे वाद या वेगवेगळ्या वह्यांमधल्या फटींतूनच जन्माला येतात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

प्रत्येक वहीचा प्रश्न वेगळा

नावं वेगवेगळी का आहेत, हे आधी समजून घेऊ. प्रत्येक खातं जमिनीला वेगळा प्रश्न विचारतं.

महसूल खातं विचारतं: ही जमीन कोणाची आणि तिच्यावर सारा किती? कृषी सांख्यिकी विचारते: या वर्षी इथं पेरलं का? उपग्रह विचारतो: वरून काय दिसतंय? मृदाशास्त्रज्ञ विचारतात: ही जमीन काय पेलू शकते? आणि नगररचना खातं विचारतं: इथं पुढे काय होऊ द्यायचं?

पाच प्रश्नांची पाच उत्तरं येणारच. अडचण होते ती एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नासाठी वापरलं की. वरून गवत-झुडपं दिसतात, एवढ्यावरून जमीन 'रिकामी' ठरवली, तर ते चुकीच्या वहीत पाहून दिलेलं उत्तर आहे.

सोळा आण्यांची जमीन

महाराष्ट्रातलं आजचं महसुली वर्गीकरण समजून घ्यायला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे भागात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला होता. तो हिशेब कागदावर फार शास्त्रशुद्ध होता, पण प्रत्यक्षात सारा इतका जड झाला की शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्यानं सुरुवात केली. त्यांच्या कामातून आलेले नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात एकत्र झाले आणि मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया त्यावर घातला गेला.

त्यांची पद्धत अगदी हाताला कळणारी होती. शेतात खड्डा घ्यायचा, मातीची खोली हातात मोजायची, रंग आणि पोत पाहायचा. पावणेदोन हात खोल, एकसारखी बारीक काळी माती असेल तर जमीन सोळा आण्यांची. खोली कमी झाली, रंग तांबूस किंवा करडा झाला, खडे वाढले की आणे उतरत जायचे. असे नऊ वर्ग होते. शिवाय दोष धरले जायचे: चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी मुरत नाही का, ओढ्याच्या पाण्यानं माती वाहून जाते का? एकेका दोषानं जमीन वर्गातून खाली यायची.

आज दुष्काळाच्या बातम्यांमध्ये आपण 'आणेवारी' किंवा 'पैसेवारी' ऐकतो ती वेगळी. ती त्या वर्षीच्या पिकाची असते, जमिनीची नव्हे. नावांच्या गोंधळाची सुरुवात इथूनच होते म्हणा ना.

मोजणी शंकू-साखळीनं व्हायची. साखळी ३३ फुटांची आणि तिचेही सोळा आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपण आजही गुंठ्यात बोलतो ते या साखळीमुळे. मोजणीदारानं शेतात बसून केलेली कच्ची नोंद म्हणजे 'टिपण'. प्रत्येक सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि आकार ज्या पत्रकात पक्के झाले तो 'आकारबंद'. सातबाऱ्यावर 'आकार' किंवा 'आकारणी' म्हणून आजही चार-दोन रुपयांचा आकडा छापलेला दिसतो. त्या आकड्याच्या मुळाशी कधीकाळी कोणीतरी खड्डा खणून पाहिलेली माती आहे.

पण हे सगळ्या महाराष्ट्राला लागू नव्हतं. पूर्व विदर्भात मालगुजारीची पद्धत होती, मराठवाड्यात निजामाची व्यवस्था, कोकणात खोती. १९६० मध्ये राज्य एक झालं आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. कायदा एक झाला, दप्तरातल्या जुन्या शब्दांचा संग्रह मात्र तसाच राहिला. पश्चिम महाराष्ट्रात जे 'गायरान' किंवा 'गुरचरण', तसल्याच जमिनीला अकोला-अमरावतीकडे 'ई-क्लास' म्हणतात. कोकणात भाताखाली नसलेल्या उताराच्या हलक्या जमिनीला 'वरकस' म्हणतात. हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला सांगून कळणार नाही.

गोव्यात तर आणखी गंमत आहे. तिथल्या 'नमुना १ व १४' या उताऱ्यात जिरायत आणि बागायत यांच्याबरोबर तारी, खाजन, केर, मोरड असे स्वतंत्र रकाने असतात. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन. खारं पाणी बाहेर ठेवायला तिला बांध आणि पाण्याच्या दारासाठी 'मानस' असतं. मोरड म्हणजे उंचवट्यावरची, पावसावर अवलंबून असलेली जमीन. नकाशात या सगळ्यांवर 'शेती' असा एकच रंग फासला, तर बांध फुटल्यावर शेजारच्या दहा शेतांचं नुकसान का होतं, हे त्या नकाशावरून कधीच कळणार नाही.

एका शब्दामागे किती पैसे?

सातबाऱ्यावर तीन शब्द नेहमी दिसतात: जिरायत, बागायत, पोटखराब. हे नुसते वर्णनाचे शब्द आहेत असं वाटत असेल तर पुढचं वाचा.

शेतजमिनीच्या कमाल धारणेच्या १९६१ च्या कायद्यात बारमाही पाण्याच्या जमिनीसाठी मर्यादा १८ एकर आहे आणि कोरडवाहू जमिनीसाठी ५४ एकर. म्हणजे वर्ग बदलला की मर्यादा तिप्पट. तुकडेबंदीच्या नियमांत २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीसाठी किमान २० गुंठे आणि बागायतीसाठी किमान १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठेवलं. तुमच्या पंधरा गुंठ्यांचं खरेदीखत होणार की अडणार, हे त्या एका शब्दावर अवलंबून राहू शकतं. (शहरी हद्दी आणि त्यालगतच्या भागांसाठी वेगळ्या सवलती आहेत, त्या आपल्या जागेला लागू होतात का हे तपासावं.) मुद्रांक शुल्कासाठीच्या बाजारमूल्य दर तक्त्यांत जिरायत-बागायतीचे दर वेगळे असतात. भूसंपादनाची भरपाई ठरवतानाही हा फरक मोजला जातो.

आता पोटखराब. शेताच्या पोटातलं लागवडीला न येणारं क्षेत्र म्हणजे पोटखराब. त्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाला, खंदक, शेतातलं घर किंवा खळं यांसारख्या कारणानं लागवडीला न येणारं क्षेत्र. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पाणंद, पाण्याचा प्रवाह, स्मशानभूमी अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं क्षेत्र. पोटखराबावर सारा नसतो, हे ऐकायला बरं वाटतं. पण पीककर्ज, पीकविमा, अनुदान यांचा हिशेब लागवडीयोग्य क्षेत्रावर होतो आणि तिथं पोटखराब बाहेर पडतो.

अनेक शेतकऱ्यांनी दोन पिढ्यांत दगड वेचून, गाळ टाकून, बांध घालून पोटखराब जमीन पिकाखाली आणली. सातबाऱ्यावर मात्र आजोबांच्या वेळचा शेरा कायम राहिला. २०१८ मध्ये नियमात बदल होऊन वर्ग 'अ'ची अशी जमीन लागवडीयोग्य क्षेत्रात घेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यासाठी अर्ज, स्थळपाहणी आणि आदेश लागतो. वर्ग 'ब'ला ही सोय नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर गावातली एकही पाणंद शिल्लक राहिली नसती.

'खराब' हा शब्द फसवा असतो, हे कोकणातल्या सड्यांवर जास्त कळतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभ्या दगडाचा उघडा कातळ शेतीच्या नजरेनं निरुपयोगीच. पण याच कातळांवर कोरलेली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. साताऱ्याजवळचं कास पठार हाही एक सडाच, आणि पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्याची गणना जागतिक वारशात होते. महसूल दप्तराचा यात दोष नाही. त्याला पिकाबद्दल विचारलं होतं, त्यानं पिकाबद्दल सांगितलं.

आकडेवारीची नऊ खाती

देशात जमिनीच्या वापराची आकडेवारी स्वातंत्र्याआधी पाच खात्यांत गोळा व्हायची. त्यातून धड काही कळत नव्हतं, म्हणून कृषी आकडेवारीच्या समन्वयासाठी १९४८ मध्ये नेमलेल्या तांत्रिक समितीनं ती नऊ केली: वनं, बिगरशेती वापर, ओसाड आणि मशागतीला अयोग्य, कायम कुरणं व चराई, किरकोळ झाडांखालची जमीन, मशागतयोग्य पडीक, चालू पड सोडून इतर पड, चालू पड आणि निव्वळ पेरणी क्षेत्र.

यातला 'पड' आणि 'पडीक' यांचा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. यंदा पेरलं नाही तर ती चालू पड. एक ते पाच वर्षं पेरलं नाही तर इतर पड. पाच वर्षांहून जास्त काळ पेरलं नाही की ती मशागतयोग्य पडीक होते. म्हणजे मजूर मिळत नाहीत, रानडुकरं पीक ठेवत नाहीत किंवा मुलं पुण्या-मुंबईला आहेत म्हणून बंद पडलेलं शेत आणि मुळातच दगडाळ माळ एका खात्यात येऊ शकतात. नियोजन करणाऱ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात. उपाय मात्र एकदम वेगळे लागतात.

ही आकडेवारी शेवटी गावातल्या पीक पाहणीवर उभी असते. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. ॲपमध्ये चालू पड आणि कायम पड नोंदवायचीही सोय आहे. बहुतेक जण पीक नोंदवतात आणि पड सोडून देतात, कारण पडीची भरपाई मिळत नाही. माणसाचा स्वभाव आहे तो. पण त्यामुळे गावाच्या आकडेवारीत भोक पडतं.

उपग्रहाला काय दिसतं, काय दिसत नाही

हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र उपग्रहाच्या आधारे देशाचे भूवापर-भूआच्छादन नकाशे करतं. महाराष्ट्रासाठी असंच काम नागपूरचं राज्य सुदूर संवेदन उपयोजन केंद्र करतं. 'भुवन' या संकेतस्थळावर हे नकाशे कुणालाही पाहता येतात.

यातलं जोडनाव महत्त्वाचं आहे. भूआच्छादन म्हणजे जमिनीवर काय आहे: गवत, झाडं, पाणी, खडक, काँक्रीट. भूवापर म्हणजे माणूस तिचं काय करतो. उपग्रहाला आच्छादन दिसतं, वापर दिसत नाही, तो अंदाजानं लावावा लागतो. दाट आंब्याची बाग आणि जंगल वरून बरंचसं सारखं दिसतं. ज्वारी काढलेलं रान मे महिन्यात ओसाड दिसतं. म्हणून चांगल्या नकाशासाठी खरीप, रब्बी आणि उन्हाळा अशा तिन्ही हंगामांतली छायाचित्रं पाहतात आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन खात्री करतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं भूआच्छादनाची स्वतंत्र वर्गीकरण पद्धत तयार केली, त्यामागे हाच विचार होता: आधी काय दिसतं ते नोंदवा, वापराचा प्रश्न वेगळा ठेवा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. देशाचे बरेच भूवापर नकाशे १:५०,००० प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशातला एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यावर एक हेक्टरचं शेत दोन मिलिमीटरचा ठिपका होतं आणि एक गुंठा तर पेन्सिलच्या रेषेहून बारीक. हा नकाशा जिल्ह्याचं नियोजन करायला उत्तम आहे. त्यावरून दोन गटांमधला बांध ठरवायला गेलात तर भांडणच होईल. गावपातळीच्या नियोजनाला निदान १:१०,००० प्रमाण लागतं.

नकाशे एकमेकांवर बसत का नाहीत?

जुने गाव नकाशे कागदावर किंवा कापडावर काढले गेले. अनेक नकाशांचं प्रमाण एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असं होतं. त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत. प्रत्येक गाव स्वतंत्र मोजलेलं. शेजारच्या दोन गावांचे नकाशे जोडले तर कुठे हद्दी एकमेकींवर चढतात, कुठे मधे फट राहते. कागद आकसला, घड्या पडल्या, कडा फाटल्या, हे वेगळंच.

त्यात १९४७ च्या तुकडेजोड-तुकडेबंदी कायद्याखाली अनेक गावांत एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. काही ठिकाणी एकत्रीकरणाच्या कागदावर बदल झाला, पण जमिनीवर वहिवाट जुनीच राहिली. आजोबा एका तुकड्यात पेरत राहिले आणि सातबारा दुसऱ्याच तुकड्याचा आला. पुढे वाटण्या झाल्या. प्रत्येक पोटहिश्श्याची मोजणी होऊन कमी-जास्त पत्रक निघायला हवं होतं, ते सगळीकडे निघालं नाही. त्यामुळे सातबारा हिश्श्याचा आणि नकाशा अख्ख्या गटाचा, अशी स्थिती आजही सर्रास दिसते.

हे निस्तरायचं काम केंद्राच्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमातून सुरू आहे. जुने नकाशे स्कॅन करून त्यांच्या रेषा संगणकात घ्यायच्या आणि जमिनीवरचे पक्के बिंदू मोजून त्या खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवायच्या. आता मोजणीला भूकरमापक रोव्हर घेऊन येतो. तो उपग्रहांचे संकेत आणि कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांकडून आलेली दुरुस्ती वापरून काही सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू देतो. गावठाणात तर सातबारा नव्हताच. तिथं आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं प्रायोगिक मोजणी झाली आणि २०२० पासून देशभर 'स्वामित्व' योजनेतून घरांच्या मिळकत पत्रिका देणं सुरू झालं.

पण अचूक यंत्रानं एक नवीन डोकेदुखी आणली. रोव्हर सांगतो, प्रत्यक्ष क्षेत्र ९७ गुंठे आहे. आकारबंद म्हणतो १००. आता तीन गुंठे गेले कुठे? साखळीच्या मोजणीतली जुनी चूक, बांध सरकवणं की ओढ्यानं खाल्लेली कड? यंत्र फक्त फरक दाखवतं. तो कोणाच्या खात्यातून वजा करायचा, हे लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, ऐकून घेऊन माणसांनाच ठरवावं लागतं. म्हणून संकेतस्थळावरचा नकाशा पाहून कुंपण घालायची घाई करू नये. तो पाहणीसाठी असतो, हद्द मोजणीनं ठरते.

'झुडपी जंगल': एका शब्दाचा प्रवास

वर्गीकरणातला जुना शब्द किती महाग पडू शकतो, याचं महाराष्ट्रातलं सर्वात मोठं उदाहरण पूर्व विदर्भात आहे.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरात काही जमिनींवर 'झुडपी जंगल' अशी नोंद होती. खुरट्या झुडपांची, ना धड शेतीची ना धड वनाची जमीन, असा त्याचा साधा अर्थ. मालगुजारी गेल्यावर या जमिनी सरकारकडे आल्या. १९५६ मध्ये हा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात आला, तेव्हा नोंदही सोबत आली. मधल्या काळात अशा जागांवर वस्त्या झाल्या, शाळा, सरकारी कार्यालयं, रस्ते, स्मशानभूमी झाल्या. गावाला ती वापरातली मोकळी जागा होती.

मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन प्रकरणात 'वन' या शब्दाचा अर्थ व्यापक केला: मालकी कोणाचीही असो, सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल तर कायदा लागू. आणि 'झुडपी जंगल' या नोंदीत 'जंगल' हा शब्द होताच. एका कारकुनी शेऱ्यानं राहतं घर वनजमिनीवर आलं.

हा तिढा अनेक वर्षं चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल जमीन वनच मानली जाईल. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी दिलेल्या जागांसाठी राज्यानं केंद्राची मंजुरी घ्यावी, अशी वाट ठेवली. त्यानंतर दिलेल्या जागांसाठी कारणं द्यावी लागणार आणि नियम मोडून वाटप करणाऱ्यांवर कारवाई. तीन हेक्टरांपेक्षा लहान आणि कोणत्याही वनक्षेत्राला लागून नसलेल्या तुकड्यांना संरक्षित वन म्हणून घोषित करायला सांगितलं.

या निकालाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात. ही झुडपं वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर असतील तर त्यांचं रक्षण व्हायलाच हवं. पण मधल्या चाळीस वर्षांत महसूल, वन आणि नगररचना खात्यांनी एकाच नकाशावर बसून कोणता तुकडा खरंच झुडपांचा आहे आणि कोणत्या तुकड्यावर शाळा उभी आहे हे वेगळं केलं असतं, तर बराच गुंता न्यायालयाबाहेरच सुटला असता. हे माझं मत.

मग प्रमाणीकरण म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्या नावांच्या जागी देशभर एकच यादी लावायची, असा अर्थ काही जण काढतात. तसं केलं तर खाजन, वरकस, कुरण हे शब्द जातील आणि त्यांच्याबरोबर त्या जमिनी कशा चालतात ही माहितीही जाईल.

एक करायचा आहे तो पाया. प्रत्येक गटाची हद्द खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसली आणि त्याला कायमचा क्रमांक मिळाला, की सगळ्या खात्यांच्या नोंदी त्या क्रमांकाला जोडता येतात. भूआधार क्रमांक त्यासाठीच आहे. मग एका गटाबद्दल वेगवेगळी उत्तरं शेजारी-शेजारी दिसतील: हक्क कोणाचा, वरून काय दिसतं, वापर काय, क्षमता काय, परवानगी काय. स्थानिक शब्द ठेवायचा आणि तो राज्याच्या व देशाच्या यादीतल्या कोणत्या वर्गात बसतो, याचं जुळणी-कोष्टक जाहीर करायचं. 'ई-क्लास' बरोबर 'चराई', हे एकदा लिहून ठेवलं की दर वेळी नव्यानं वाद नको.

यातला सर्वात दुर्लक्षित रकाना क्षमतेचा. नागपूरला १९७६ पासून राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग मानले जातात: पहिले चार नांगराला योग्य, पुढचे चार गवत, झाडं किंवा वन्यजीवांना योग्य. धूप, निचरा, माती आणि हवामान यांतली अडचण कोणती, हेही नोंदवतात. म्हणजे गोल्डस्मिड-विंगेटचा खड्डा आणि दोषांची यादी, नव्या शास्त्रासह. फरक इतकाच की त्यांचा हेतू साऱ्याचा होता. आज हीच माहिती गावाच्या आराखड्यात आली, तर पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या काळ्या रानात प्लॉट पडतात आणि सातव्या वर्गाच्या माळावर शेततळी खोदली जातात, असा उलटा प्रकार निदान डोळ्यांना दिसेल तरी.

आणि एक रकाना असा आहे जो कोणत्याच यंत्राला भरता येत नाही: हंगामी वापर. मेंढपाळ दिवाळीनंतर कोणत्या वाटेनं येतात, गाव सरपण कुठून आणतं, जत्रेच्या बैलगाड्या कुठे सुटतात. नान्नजसारख्या माळरानाला माळढोकासाठी अभयारण्याचं संरक्षण मिळालं, पण बाकीचे असंख्य माळ 'पडीक' या नावाखाली कोणाच्याही योजनेसाठी मोकळे असतात. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनं गायरानाबाबत शासन निर्णय काढला. पण गायरान राखायचं तर ते नकाशावर गायरान म्हणूनच दिसायला हवं.

तुमच्या गटासाठी आणि गावासाठी काय पाहाल?

स्वतःच्या जमिनीसाठी सातबारा, ८-अ, फेरफार आणि गट नकाशा एकत्र घेऊन बसा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आकारबंदाशी जुळतं का, पोटखराब वर्ग 'अ' आहे की 'ब', आणि भोगवटादार वर्ग १ आहे की २, एवढं आधी पाहा. वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते. पिकाखाली असलेली जमीन पोटखराब दिसत असेल तर तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. विहीर खोदून दहा वर्षं झाली आणि उताऱ्यावर अजून जिरायतच असेल, तर पीक पाहणीत सिंचनाचं साधन नोंदवलंय का ते बघा. हिश्श्याचा नकाशाच नसेल तर पोटहिस्सा मोजणी हाच रस्ता आहे, आणि ती भाऊबंद बोलत असतानाच करून घेतलेली बरी.

गावासाठी गाव नमुना १-ब मागा. त्यात बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंद असते. वनजमिनी १-अ मध्ये असतात. गायरान, स्मशानभूमी, पाणंद, ओढे यांची यादी करून ती गाव नकाशावर रंगवा आणि 'भुवन'वर त्याच जागी काय दाखवलंय ते शेजारी ठेवा. प्रादेशिक योजनेतला विभाग नगररचना कार्यालयातून कळतो. जिथं तीन ठिकाणी तीन नावं दिसतील तो गट क्रमांक टिपून ठेवा आणि ग्रामसभेत विषय घ्या. चराईला कोण येतं, कोणत्या महिन्यात येतं, पाणी कुठे पाजतात, हे ठरावात लिहून घ्या. प्रादेशिक योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते, आणि त्या मुदतीत असा ठराव जोडून दिलेली हरकत तोंडी तक्रारीपेक्षा जड भरते.